किडक्या वांग्यांची परिषद

माया होले यांना बाजारात वांगी घेताना पाहावं. पाटीतलं वरचं वांगं त्या कधी उचलत नाहीत. हात सरळ तळाशी घालतात, तिथलं एक वर काढतात, देठाजवळ अंगठ्याने दाबून बघतात आणि मग भाव विचारतात. अमरावतीच्या भाजीवाल्या त्यांना लांबून येताना पाहिलं की तोंड फिरवतात. त्यांचे यजमान मनोजराव बडनेऱ्याला रेल्वेत आहेत, स्वभावाने शांत माणूस, पण बायकोबरोबर भाजीला जाणं त्यांनीही केव्हाच सोडलं.

ही खोड माहेरची. वलगावला त्यांच्या वडिलांचा, पुंजाजींचा, भाजीचा मळा. पोरीच्या जातीला पहाटेच्या हर्रासाला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, नेत नसत, पण पुंजाजींना मुलगा नव्हता आणि मायाला झोप नव्हती. त्यामुळे ती गाडीवर पोत्यांच्या मधे बसून जायची. तिथे तिने जे पाहिलं त्याच्यावर तिची पुढची सगळी नोकरी चालली असं म्हटलं तरी चालेल. अर्थात हे तिला फार उशिरा कळलं. आपल्याला आपल्याच घरातलं उशिरा कळतं.

हर्रास सुरू व्हायच्या आधी सगळे माळी चहाच्या टपरीमागे उकिडवे बसायचे. एकमेकांचे पक्के स्पर्धक. एकाचा माल पडला तर दुसऱ्याचा चढणार. पण तिथे बसलं की एकजण थैलीतून एक किडकं वांगं काढायचा, दोन अंगठ्यांनी मधोमध फोडायचा आणि आतली अळी सगळ्यांसमोर धरायचा. मग त्याच्यावर डोकी जमायची. कुणी म्हणायचं शेंडे खुडून जाळ, कुणी म्हणायचं मागच्या साली मी अमुक मारलं, काही झालं नाही, तू पैसे घालवू नको. दुसरा आपलं वांगं काढायचा. एक नियम होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता: टपरीमागे फोडलेलं वांगं अडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, कानावर जाता कामा नये. अडत्याला कळलं की अमक्याच्या मळ्यात अळी आहे, तर तो त्याच्या चांगल्या मालाचाही भाव पाडणार.

माया डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, वीसेक वर्षं पोरं शिकवली आणि मग परीक्षा देऊन केंद्रप्रमुख झाली. केंद्रप्रमुख म्हणजे काय ते सांगायला हवं. दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र, त्याचा हा प्रमुख. ना धड साहेब, ना धड मास्तर. वरचे त्याला मास्तर समजतात, खालचे साहेब समजतात, आणि दोन्हीकडची बोलणी त्याच्याच वाट्याला येतात. माया मॅडमना मिळालं ते केंद्र भातकुलीकडच्या काळ्या, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. लहान लहान गावं, लहान लहान शाळा. एकेका शाळेत दोन शिक्षक, त्यातला एक मुख्याध्यापक, आणि तो बहुतेक वेळ माहिती भरत बसलेला.

पहिल्या आठवड्यात त्यांना उत्साह फार. न सांगता भेटी द्यायच्या असं त्यांनी ठरवलं. स्कुटी काढली आणि थेट रस्त्यावरची पहिली शाळा गाठली. तिथे थोडी गडबड होती, पण ती चालायचीच, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या शाळेत पोचल्या तर दारात रांगोळी. तिसऱ्या शाळेत रांगोळी आणि मुलांच्या हातात गुलाबाची फुलं. चौथ्या शाळेत तर चहा उकळत होता. त्यात साखर कमी, कारण पहिल्या शाळेत मॅडम साखर कमी पितात हे कळलं होतं.

रस्ता ज्या क्रमाने जाई त्या क्रमाने फोन जात होता. ‘मॅडम निघाल्या.’ पहिला दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा, टेंभीच्या शाळेचा, गावच्या पोरांना मैदानावर पाणी मारायला लावी. ही साखळी फार जुनी होती. आधीचे तीन केंद्रप्रमुख तिने जिरवले होते. रागावून तिथल्या तिथे कुणाला तरी झापावं असं माया मॅडमना वाटलं खरं, पण टेंभीहून परत येताना कपाशीच्या शेताजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि त्यांना हसू आलं. एरवी ही मंडळी एकमेकांना खडूचा तुकडा देत नाहीत. कुणाच्या शाळेत कोण काय शिकवतं याचा पत्ता नाही. पण एका गोष्टीत त्यांचा एकमेकांवर देवासारखा विश्वास. फक्त तो विश्वास मॅडमच्या विरुद्ध होता.

त्यानंतर भेटीला जायचं असलं की त्या स्वतःच आदल्या दिवशी केंद्राच्या मोबाइल ग्रुपवर टाकू लागल्या. साखळीला काम उरलं नाही. मुख्याध्यापक मंडळी मात्र जास्तच घाबरली. ही बाई आधी सांगून येते म्हणजे काहीतरी मोठं असणार असं त्यांचं मत पडलं.

दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असते. शिकवण्यातल्या अडचणी सगळ्यांनी मिळून बोलायच्या म्हणून ती असते, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात तिची आठवण जेवणाने राहत असे. परिषद फिरती, आज या शाळेत, पुढच्या महिन्यात त्या. ज्याच्या शाळेत परिषद, तो शाळेमागे गोवऱ्या पेटवून कणकेचे जाड रोडगे भाजणार, वांग्याची भाजी करणार, वरणावर तुपाची धार सोडणार. मागच्या वेळी अमक्याच्या भाजीला तर्री चांगली होती, यावर वर्षभर चर्चा. अडचणींचं विचारलं की सगळे एका सुरात म्हणत, ‘सर्व ठीक.’ सगळ्यांची मुलं वाचतात, सगळ्यांची मुलं भागाकार करतात, आणि मग चला जेवायला.

माया मॅडमनी इथे पहिली चूक केली. त्यांनी जाहीर केलं की यापुढे परिषदेला जेवण नाही, प्रत्येकाने आपापला डबा आणावा. वऱ्हाडात माणसाला शिवी दिली तर तो विसरेल, पण त्याच्या घरचं जेवण नाकारलं तर तो नातवाला सांगून ठेवेल. त्या महिन्यात सगळे डबा घेऊन आले, एकेका कोपऱ्यात पाठ करून बसून जेवले, आणि चार वाजता नमस्कार करून निघून गेले. खुशालराव भुयार तेवढे बोलले. हे केंद्रातले सगळ्यात बोलके मुख्याध्यापक, अंगाने भरलेले, कुठल्याही लग्नात पाहुण्यांच्या आधी पंगतीत बसणारे. ते म्हणाले, “मॅडम, आमी भ्रष्टाचार नाई करून राहिलो. भाजी खाऊन राहिलो.”

मॅडमना वाईट वाटलं. रात्रभर नव्हे, पण बऱ्यापैकी वाटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी जेवण परत चालू केलं आणि स्वतः भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. त्या पंगतीत ताटातलं वांगं बोटांनी फोडताना त्यांना टपरीमागची पहाट आठवली. हात तसाच राहिला. शेजारी बसलेल्या वर्षालीने विचारलं, मॅडम, खारट झालं का? वर्षाली केंद्रातली सगळ्यात तरुण, तिशीतली, मुख्याध्यापकपद तिच्या गळ्यात नुसतं अडकवलेलं. मॅडम म्हणाल्या, नाही गं, मला माझा बाप आठवला.

त्यांनी मंडळींना वलगावच्या माळ्यांची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून जेवण राहील, पण जेवणाआधी प्रत्येकाने आपलं एक किडकं वांगं आणायचं. म्हणजे शाळेतली एक गोष्ट जी जमत नाही, बिघडली आहे, आणि आपण झाकून ठेवली आहे. इथे फोडायची. इथलं बोलणं माझ्या अहवालात जाणार नाही, वर जाणार नाही. अडत्याच्या कानावर जाणार नाही.

सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. आधीच्या एका साहेबांनीही असंच म्हटलं होतं. मनमोकळं बोला, म्हणाले होते. एकजण बोलला आणि पुढच्या महिन्यात त्याला खुलासा मागणारं पत्र आलं.

म्हणून पहिलं वांगं मॅडमनी स्वतःचं फोडायचं ठरवलं. पुढची परिषद वर्षालीच्या शाळेत होती. मॅडम म्हणाल्या, तिसरीला वजाबाकी मी शिकवते, तुम्ही सगळे मागे बसा आणि माझं काय चुकतं ते टिपा. केंद्रप्रमुख आपला पाठ घेणार आणि मुख्याध्यापक तपासणार, हे कुणी ऐकलंही नव्हतं. मंडळी पाय दुमडून बाकांवर बसली.

पाठ पडला. साफ पडला. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सुटले, पोरं त्यांनी तलवारी खेळायला लागली, आणि मॅडम घाईघाईने जुन्या पद्धतीवर आल्या: तीनमधून सात जात नाहीत, म्हणून शेजारणीकडून दहा उसने आणले. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं की मॅडम, ते दहा परत कधी द्यायचे? मागून खुशालराव इतके हसले की बाक करकरला. मग सगळे हसले, मॅडमही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि ते वर्षालीला दिसलं.

हसणं थांबल्यावर मागच्या कोपऱ्यातून देवमन इंगळे गुरुजी उठले. हे टेंभीचे मुख्याध्यापक, साखळीतले शेवटचे. निवृत्तीला थोडं राहिलेलं, गळ्यात पांढरा दुपट्टा, जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार एकेकाळी मिळालेला. परिषदेत ते कधी बोलत नसत. ते पुढे आले, काड्या गोळा केल्या, आणि मॅडमना म्हणाले की गठ्ठा पोरीच्या हाताने सोडवा, तुम्ही सोडू नका. एवढंच. मुलीने गठ्ठा सोडला, मोजला, सात काढून दिल्या, आणि परत कधी द्यायचे हा प्रश्न राहिलाच नाही. गुरुजी जागेवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून वांगी फुटायला लागली. एकदम नाही, आणि पहिली पहिली तर लहानच होती. कुणाच्या शाळेत पालक सभेला कुणी येत नाही, कुणाचा दुसरा शिक्षक महिनोन्‌महिने दुसऱ्या कामावर. वर्षालीने कबूल केलं की तिला आपल्याहून मोठ्या शिक्षकाला काही सांगायची भीती वाटते, म्हणून ती सगळं स्वतःच करते आणि घरी जाऊन रडते. त्यावर दोन बायांनी तिला जे सांगितलं ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं. खुशालरावांनीही वांगं आणलं, पण ते असं निवडून आणलेलं की फोडलं तरी आत अळी नाही. ते म्हणाले, आमच्या शाळेत पोरं फारच प्रश्न विचारतात, काय करावं. सगळ्यांनी त्यांना हसून सोडून दिलं.

दिवाळीनंतरच्या परिषदेत इंगळे गुरुजी उठले. दुपट्ट्याचं टोक हातात धरून त्यांनी सांगितलं की त्यांच्या शाळेतली चौथीची निम्मी मुलं वाचत नाहीत. पुस्तक धडाधडा म्हणतात, ओळीवर बोट फिरवतात, पण एकदा पानावरचं चित्र सहज हाताखाली झाकलं गेलं आणि पोरगं थांबलं. गुरुजींनी दुसऱ्याचं झाकून पाहिलं. तेही थांबलं. चित्र बघून धडा ओळखायचा आणि पाठ म्हणायचा. वर्षानुवर्षं सुरात म्हणून घेतलं त्याचं हे फळ, असं ते म्हणाले. आणि वर मात्र त्यांनी सगळी मुलं वाचतात असं कळवलं होतं.

“पुरस्कार भिंतीवर हाये,” ते म्हणाले, “अन् त्याच्याच खाली पोट्टे चित्र पाहून वाचून राहिले. मले त्या भिंतीकडे पाहावत नाई.”

कुणी हसलं नाही. मग एकाने हळूच सांगितलं की आपणही शाळेत जाऊन चित्र झाकून पाहू. दुसरा म्हणाला, मी पाहिलं आहे, माझ्याकडेही तेच आहे. वर्षाली म्हणाली की ती मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करून रोज तासभर बसवते. गुरुजींना हवं असेल तर ती येऊन दाखवेल. पुढच्या शनिवारी ती टेंभीला गेली, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एकजण. टेंभीची मुलं चित्र नसलेल्या चिठ्ठ्या वाचायला लागली, अडखळत, अक्षर अक्षर लावत, पण खरं वाचायला लागली. माया मॅडम त्या दिवसांत बाजारात गुणगुणत जात. मनोजरावांनी विचारलं, लॉटरी लागली का? आणि मग एका सोमवारी इंगळे गुरुजींना तालुक्याच्या साहेबांचा फोन आला.

तुमच्या शाळेची माहिती खोटी आहे असं ऐकतो, साहेब म्हणाले. खुलासा घेऊन या.

गुरुजी साहेबांकडे जायच्या आधी मॅडमच्या घरी आले. मनोजरावांनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. उभ्यानेच बोलले.

“मॅडम, मी तुमच्यासमोर वांगं फोडलं. अडत्याले कोनं सांगतलं?”

“गुरुजी, मी नाही सांगितलं.”

“मंग कोनं?”

मॅडमना खरंच माहीत नव्हतं आणि तेच त्यांनी सांगितलं. गुरुजींनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण तिथे नुसती ओळख होती, हे असंच होणार होतं याची. ते चपला घालून निघून गेले.

मॅडम दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटल्या. साहेब काही वाईट माणूस नव्हते, त्यांनाही वरून विचारणारे होते. मॅडमनी सांगितलं की त्या माहितीवर माझी सही आहे, मी न तपासता केली, म्हणून खुलासा आधी माझ्याकडून घ्या. आणि ती मुलं आता कशी वाचतात ते टेंभीला येऊन बघा. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मॅडम, तुम्ही कशाला मधे पडता, हे तर माझ्या कानावर गमतीगमतीत आलं. आमचा एक बाबू अकोल्याला लग्नाला गेला होता, तिथे पंगतीत तुमचाच कुणी मुख्याध्यापक किस्सा सांगत होता. आदर्श शिक्षकाची पोरं चित्र पाहून वाचतात म्हणून. सगळी पंगत हसली म्हणे.

अकोल्याच्या लग्नाला केंद्रातून एकच माणूस गेला होता. फेटा बांधलेला त्याचा फोटो ग्रुपवर होता, आणि त्याखाली मॅडमनीच पसंतीचा अंगठा टाकला होता.

साहेबांनी खुलाशाचं प्रकरण तूर्त बाजूला ठेवलं. वर ते असंही म्हणाले की इंगळे गुरुजींना मी सांगतो, यात तुमचा हात नाही म्हणून. मॅडम उठता उठता थांबल्या. होय म्हणावं असं त्यांना फार वाटलं. एका फोनने त्यांचं नाव धुतलं गेलं असतं. पण गुरुजींनी पुढे विचारलंच असतं, मग कोण? आणि खुशालरावांचं नाव निघालं की संपलं. एक सांगणारा होता म्हणून बाकी सगळी तोंडं मिटली असती, आणि परत सर्व ठीक, चला जेवायला. त्या म्हणाल्या, नको साहेब, काही सांगू नका.

घरी न जाता त्या वलगावला गेल्या. पुंजाजी आता ऐंशीच्या घरात, मळ्यात जात नाहीत पण मळ्याच्या कडेला खाट टाकून बसतात. मायाने त्यांना विचारलं, बाबा, टपरीमागचं कुणी अडत्याला सांगितलं तर तुम्ही काय करत होता? म्हातारा म्हणाला, तुला आठवत नाही, बाजूच्या मळ्यातल्या बंडूनं एकदा सांगितलं होतं. दारू पिऊन, चुगली म्हणून नाही.

“मंग? हाकलला का त्याले?”

“हाकलून कोठी जाईन? मळा तं बाजूलेच होता. बसू देलं त्याले. पन पहिलं वांगं त्यानं फोडाचं. त्यानं फोडल्याबिगर कोनी फोडत नव्हतं.”

“अन् त्यानं नसतं फोडलं तं?”

“तं मंग आमी चहा पिऊन उठलो असतो,” पुंजाजी म्हणाले.

दोन दिवसांनी टेंभीच्या शाळेत इंगळे गुरुजींनी मॅडमना पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता मॅडमना उत्तर माहीत होतं, आणि त्यांना खोटं बोलवेना.

“तुमाले माईत हाये,” गुरुजी म्हणाले.

“हाये,” मॅडम म्हणाल्या. नोकरीतली भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली होती. “पन तुमचं मी सांगतलं नाई, तसं त्याचंई नाई सांगनार.”

गुरुजींनी वर्गाचं दार ओढून घेतलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे मॅडमना कळलं नाही. परतीच्या वाटेवर त्यांना रडू आलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलं हुंदके देऊन आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

त्या महिन्याची परिषद टेंभीला होती. पाळीच गुरुजींची होती. कुणी येणार नाही, निदान गुरुजी तरी काही कारण सांगून पुढे ढकलतील, असं मॅडमनी मनात धरलं होतं. ग्रुपवर गुरुजींची एक ओळ आली: परिषद ठरल्याप्रमाणे. जेवण आहे.

सगळे आले. शाळेमागे गोवऱ्यांचा धूर होता आणि रोडगे राखेत पुरलेले होते. वर्गात भिंतीवर पुरस्काराची चौकट दिसत नव्हती, तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता. मॅडमनी तो पाहिला आणि लगेच नजर खाली घेतली. खुशालराव सगळ्यात शेवटी आले आणि दाराजवळच बसले. आज त्यांनी कुणाची थट्टा केली नाही.

मॅडम म्हणाल्या, आज पहिलं कोण? आणि खाली बसल्या. मागच्या खेपांना त्या कुणाकडे तरी पाहून हसत, कुणाला तरी बोलतं करत. आज त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पंखा फिरत होता. मैदानात मुलं खो-खो खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. वर्षाली काहीतरी बोलायला लागली, मॅडमनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि ती गप्प बसली. अर्धा चहा थंड होईल एवढा वेळ गेला. मॅडमच्या मनात आलं, बाबा म्हणाले तसं आता चहा पिऊन उठायचं.

तेवढ्यात दाराजवळचा माणूस उठला.

“मी बोललो,” खुशालराव म्हणाले. “अकोल्याच्या लग्नात. पंगतीत लोकायले हसवाले बोललो. गुरुजींचं नाव नोतं घेतलं, पन आदर्श शिक्षक म्हनलं तं नाव कायले पायजे?” मग त्यांनी तोंडावरचा घाम पुसला. “अन् दुसरं बी हाये. दिवाळीनंतरच्या परिषदेहून गेल्यावर शाळेत मी माह्या चौथीचं चित्र झाकून पाह्यलं. माह्ये बी पोट्टे नाई वाचत. मले ते माईत होतं. लग्नाच्या आधीपासून माईत होतं. म्हनून तं जास्त हसलो.”

सगळ्यांनी इंगळे गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला, परत घातला. त्यांना राग आला होता, तो त्यांच्या गालावर हलत होता. ते बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता.

“भुयार सर, शनवारी माह्या शाळेत येत जा. चौथीचा एक गट तुमी घ्या. शिकून घ्या, अन् मंग तुमच्या शाळेत जाऊन तेच करा.” मग म्हणाले, “आता बसा. उभ्यानं मानूस लय मोठा दिसते.”

खुशालराव बसले. मग वर्षालीने आपलं फोडलं, मग आणखी एकाने, आणि जेवायला इतका उशीर झाला की रोडग्यांची एक बाजू काळी पडली. पंगतीत गुरुजी स्वतः वाढत होते. माया मॅडमच्या ताटात त्यांनी भाजी वाढली, पुढे गेले, परत आले आणि न विचारता आणखी वाढली. मॅडमना वाटलं, एवढं पुरे. माफी मागायची सवय त्या पिढीच्या मास्तरांना नसते, आणि आपल्याला तरी कुठे आहे.

हिवाळा सरत आला होता. एके दिवशी सकाळी माया मॅडम केंद्रशाळेकडे निघाल्या होत्या, भातकुलीच्या रस्त्याला लागल्या आणि पर्समधला फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेतली. इंगळे गुरुजींचा फोन होता. एरवी गुरुजी कधी फोन करत नसत.

“मॅडम,” गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब निघाले. जिल्ह्याचे बी संगं हायेत. आज टेंभीच्या अंगानं आपल्या केंद्रात येऊन राहिले.”

मॅडमच्या लक्षात आलं. ही साखळी. आजपर्यंत ती त्यांच्या पाठीमागून गेली होती, त्यांच्यापासून सावध राहा म्हणून गेली होती, आणि आधीच्या तीन केंद्रप्रमुखांना तिने कधी आपल्यात घेतलं नव्हतं.

“गुरुजी, मग रांगोळी काढू का?” त्यांनी विचारलं.

“रांगोळी कायले? पोट्टे वाचतात तेवढे वाचतीन, नाई वाचत ते नाई वाचत, असंच सांगू. फक्त आपल्या मानसाले माईत असावं म्हनून फोन केला.” मग गुरुजींना घाई झाली, कारण साखळीत वेळ घालवून चालत नाही. “तुमच्या पुढचा नंबर खुशालरावचा हाये. त्यायले तुमी सांगा.”

फोन बंद झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा उभा होता. माया मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि खुशालरावांचा नंबर लावला.